शेऱ्याचा रकाना

हिंगोली
४ जानेवारी २००४

साधना,

नावाआधी काय लिहावं ते ठरेना. त्यात एक पोस्टकार्ड वाया गेलं, म्हणून हे आंतरदेशीय पत्र घेतलं आणि नुसतं नाव लिहिलं.

कामाचं लिहितो. पुण्याच्या संस्थेनं हवेतली धूळ मोजण्याची योजना बंद करायचं ठरवलं आहे. ३१ मार्चला शेवटचा तक्ता छापायला जाईल. नऊ केंद्रांपैकी आठ केंद्रांचे आकडे आणि तिथल्या निरीक्षकांची नावं त्यात असतील. नववं केंद्र म्हणजे सिद्धेश्वर धरणाजवळचा खेमानाईक तांडा. त्याच्यापुढे 'अविश्वसनीय, वगळले' असं येणार आहे. ऑक्टोबर १९९९ ते मार्च २००१, ढगांचे दिवस सोडून आठशेच्या वर नोंदी, सगळ्या तुझ्या नवऱ्यानं घेतलेल्या.

संस्थेत नव्यानं आलेल्या एका बाईंनी मला विचारलं आहे की एवढ्या नोंदी कशाच्या आधारावर वगळल्या. माझ्याकडे महिन्याचे तक्ते आहेत. मूळ रजिस्टर प्रेमदासकडे होतं. तुझ्याकडे असेल तर रजिस्टर पोस्टानं पाठव. खर्च मी देईन.

२००१च्या होळीच्या नोंदीबाबत जे झालं ते गैरसमजातून झालं. तांड्यावरच्या चालीरीतींची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

प्रेमदास गेल्याला या महिन्यात वर्ष होईल. मी तेव्हा आलो नाही. कॉलेजात परीक्षा होत्या.

तुझ्या आईची तब्येत बरी आहे.

शिवशंकर
विभागीय पर्यवेक्षक

हिंगोली
२१ जानेवारी २००४

साधना,

उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, कारण तांड्याचं टपाल शाळेत येतं आणि तिथले संतराम मास्तर माझे जुने विद्यार्थी. ते परवा बसस्टँडवर भेटले. म्हणाले, "सर, ताईनं पत्र घेतलं, हुबं राहूनच वाचलं आन् बालवाडीच्या हजेरीपटात ठेवून दिलं. पोरायला गाणं शिकवून राहिल्या होत्या, ते पुढं चालू केलं." मी म्हटलं, बरं.

पुण्याच्या बाईंचं दुसरं पत्र आलं आहे. नेमकी चूक काय होती ते लिहा म्हणतात. त्यांना लिहायचं आहे ते आधी तुला लिहून बघतो. कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हाही दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी तुलाच समजावून सांगायचो. तू चौथीत होतीस आणि जांभया द्यायचीस.

सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना डोक्यावरच्या आकाशातून जो प्रकाश येतो तो एका दिशेनं विंचरलेला असतो. हवा जितकी स्वच्छ तितका नीट. धूळ, धूर, राख हवेत आली की तो विस्कटतो. आपलं यंत्र म्हणजे वीतभर लांबीची काळी नळी, तिच्या तोंडाशी फिरणारी पोलरॉइडची चकती आणि खाली काट्याचं मीटर. उगवतीला आणि मावळतीला नळी सरळ वर रोखायची, चकती हळूहळू फिरवायची, काटा सगळ्यात वर कुठे जातो आणि सगळ्यात खाली कुठे येतो ते लिहायचं. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर हवा स्वच्छ. फरक कमी असेल तर हवेत काहीतरी आहे. शास्त्रात याला ध्रुवीकरण म्हणतात. विंचरण्याचं मला सुचलं ते आपल्या गच्चीवर, तुझी आई तुझी वेणी घालत होती आणि मी पहिल्यांदा यंत्र तपासत होतो तेव्हा.

तांड्यावर यंत्र बसवायला तू माझ्याबरोबर आली होतीस. हिंगोली जिल्हा होऊन पाचच महिने झाले होते आणि वाटेतल्या सगळ्या पाट्या ओल्या रंगाच्या होत्या. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस, स्क्रूंची डबी धरून उभी होतीस. तांड्यावर बारावी सायन्स झालेला एकच पोरगा, प्रेमदास. मी त्याला हे विंचरण्याचं सांगितलं आणि त्याला ते एका दमात कळलं. महिन्यानं गेलो तर वर बघत म्हणाला, "सर, आज आभाळ विंचरलेलं हाय. एकसष्ट आन् अकरा." माझ्या वर्गातल्या साठ मुलांना जे वर्षभर कळत नाही ते त्याला कळलं याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. हे मी तुझ्या देखतच बोललो होतो. तुला आठवत असेल.

त्याला मी एकच नियम घालून दिला होता. धूर किंवा धूळ दिसली तर शेऱ्याच्या रकान्यात वेळ आणि कारण लिहायचं. खोटं लिहायचं नाही, कोरं ठेवायचं नाही. तो सगळं लिहायचा. 'तुरीच्या काड्या जाळल्या, ६.१०.' 'म्हशी परत आल्या, धूळ.' 'मिराबाईची चूल, वारा पूर्वेचा.' मिराबाई त्याची आई आहे हे पुण्याला कोणाला ठाऊक नव्हतं. ते विचारायचे की हे मिराबाईचूल गाव नकाशात सापडत नाही. आपण दोघं किती हसलो होतो.

१० मार्च २००१ ची सकाळची नोंद अशी होती. सत्तेचाळीस आणि तेवीस. फरक फार कमी. शेरा: 'होळी सकाळी ५.३५ ला पेटली. धूर केंद्रावर.'

त्याच्याखाली मी लाल शाईनं लिहिलं: 'होळी आदल्या संध्याकाळी पेटते. निरीक्षक जागेवर हजर नसावा. सबब या केंद्राच्या सर्व नोंदी संशयास्पद.'

बाईंना एवढं लिहिलं की पुरेल असं वाटतं.

शिवशंकर

हिंगोली
९ फेब्रुवारी २००४

साधना,

आज तुझी आई कळमनुरीच्या बाजारातून आली. हिंगोलीचा बाजार घरापासून दहा मिनिटांवर असताना ती वांगी घ्यायला बसनं कळमनुरीला का जाते हे मी दोन वर्षांत कधी विचारलं नाही. पिशवी ओट्यावर उपडी केली तेव्हा वांग्यांबरोबर एक लहानसं लोकरीचं टोपडं पडलं. एका बाजूची नाडी तुटलेली.

"हे कोणाचं?"

"शितलचं. नाडी लावायला आनलंय."

"कोण शितल?"

तिनं वांगी निवडायला घेतली. म्हणाली, "तुमची नात. दीड वर्षाच्या वर झाली."

मूल झालं एवढं मला कळलं होतं. मुलगी आहे हेही कोणीतरी बोललं होतं. नाव मी विचारलं नव्हतं. कळमनुरी तुला सरळ पडत नाही, तिलाही नाही, म्हणूनच ते ठिकाण तुम्ही निवडलं असणार. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस.

"तुमी इचारलं व्हय कधी?"

मग ती बरंच बोलली. तीस वर्षांत एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही. "त्या पोराचं रजिस्टर मागता. काहून? तवा खोटं ठरवलं ना त्याला? तो गेला तवा मी म्हनलं, चला. तुमी म्हनले परीक्षा हायेत. जानेवारीत कंची परीक्षा राहते हो?"

कुठलीच राहत नाही. सराव परीक्षा फेब्रुवारीत असतात. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो, दोन तास घेतले, प्रयोगशाळेच्या किल्ल्या मोजल्या, घरी आलो. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं सांगितलं की कारखान्याकडे जाताना उसाची ट्रॉली उलटली, खाली दोघं सापडले, त्यातला एक प्रेमदास. मी हातपाय धुतले आणि ताट वाढायला सांगितलं. वरण-भात होता. मी रोजच्याइतका जेवलो.

माझ्या सहीनं तो खोटा ठरला नसता तर आमच्या प्रयोगशाळेत परिचराची जागा त्याला मिळायची होती. शिफारस मीच करणार होतो. ती मी केली नाही, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळी जवळ आल्यावर तो भावसिंगच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि काही वाटणं यांत माझ्या बाबतीत अंतर पडलेलं आहे. दाढ काढताना सुई देतात, त्यानंतर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं वर्षभर चाललं आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.

नाडी मी लावली. तुझ्या आईला सुईत दोरा ओवता येत नाही आता. टोपडं पुढच्या बाजाराला येईल.

शिवशंकर

हिंगोली
२५ फेब्रुवारी २००४

साधना,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. परीक्षांचं नव्हे, ते तर आहेच. चालीरीतींची कल्पना नव्हती असं लिहिलं ते. आणि ते नेमकं तुलाच लिहिलं, जिनं मला स्वतः सांगितलं होतं. तू उत्तर का दिलं नाहीस ते मला आज सकाळी मुलांच्या वह्या तपासताना कळलं. एकानं शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं होतं, शेजाऱ्याच्या नावासकट, म्हणजे खोटं आपोआपच उघडं.

१८ फेब्रुवारी २००१, रविवार. तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतीस, मी पाटावर बसलो होतो. तू म्हणालीस, "अण्णा, यंदा मला तांड्यावरची होळी बघायची आहे. त्यांची होळी आपल्यासारखी रात्री नसते, पहाटे पेटवतात. बायका-माणसं गोल करून लेंगी गातात. जाऊ का?" मी म्हटलं, बघू. मग तू पोळी तव्यावर टाकलीस आणि पाठ फिरवूनच दुसरी गोष्ट सांगितलीस. की तू आणि प्रेमदास लग्न करणार आहात.

त्यानंतर मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. तांड्याबद्दल, तुझ्या आजोबांच्या जमिनीबद्दल, आपल्या गावी, गोरेगावात तोंड कसं दाखवू याबद्दल. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. लिहायची लाज वाटते. ही लाज मला आज वाटली, तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्या गोष्टीखाली पहिली दबली, होळीचं माझ्या डोक्यातून गेलं, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावत आलो. साधना, ती दबली नव्हती. एप्रिलच्या दोन तारखेला मार्चचा तक्ता माझ्यासमोर आला. 'होळी सकाळी ५.३५ ला पेटली' हे मी वाचलं आणि पहिल्यांदा तुझाच आवाज ऐकू आला, 'पहाटे पेटवतात.' मला कळलं की नोंद खरी आहे. मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. निळं पेन टेबलावर होतं. लाल पेनसाठी मला कपाट उघडावं लागलं. एवढा वेळ माझ्या हातात होता.

शेरा आणि केंद्र बंद केल्याचा निरोप मी तांड्यावर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी प्रेमदास आला. दारातच उभा राहिला. मी त्याला आत ये म्हटलं नाही.

"सर, आमची होळी पहाटंच राहते. साधनाला इचारा."

"साधनाचं नाव घेऊ नकोस."

"बरं. मंग पुढच्या होळीला तुमीच या. यंत्र न्हाई मागत मी. नुसतं येऊन बघा."

मी म्हटलं, "सामानाच्या यादीत दोन चकत्या आहेत. एक यंत्रात आहे, जादा होती ती कुठे आहे?"

"हरवली, सर."

त्याच्यासमोर मी यादीत लिहिलं: 'एक चकती निरीक्षकाकडून गहाळ.' त्यानं वाचलं, मान हलवली आणि चप्पल घालून गेला. दोन दिवसांनी मी जीप घेऊन यंत्र काढून आणलं. मे महिन्यात तुमचं लग्न झालं. तेव्हापासून यंत्र आपल्या कपाटावर आहे, वर जुन्या साडीचा तुकडा टाकलेला.

तो मला बोलावून गेला त्यानंतर दोन होळ्या झाल्या. ही येणारी तिसरी. तो हयात असताना एकच आली, तिलाही मी गेलो नाही.

शिवशंकर

हिंगोली
७ मार्च २००४, संध्याकाळ

साधना,

आज पहाटे मी तांड्यावर येऊन गेलो.

पुनमचंदची जीप सांगून ठेवली होती. त्याला वाटलं औंढ्याला दर्शनाला जायचं आहे. सिद्धेश्वरचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "सर, देव तर मागं राहिला." मी म्हटलं, चल. तांड्याच्या अलीकडे त्याला थांबवलं आणि यंत्र कडेवर घेऊन चालत आलो. कालच्या होळीचा वास हिंगोलीत होता, वाटेतल्या सगळ्या गावांत होता. तांड्यावर नुसती रचून ठेवलेली लाकडं होती आणि माणसं जमत होती.

मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. एक म्हातारा काठी टेकत आला. मी त्याला ओळखलं, भावसिंग. त्यानं मला ओळखलं नाही. मफलर होता आणि तीन वर्षांत मी बराच वाळलो आहे.

"कोन हाय?"

"धरण खात्यातला. पातळी बघायला आलोय."

"होळीच्या दिवशी पातळी?" तो माझ्या हातातल्या नळीकडे बघत राहिला. "बरं. सरकारचं काम हाय, काय सांगावं. काहून हुबे हायत, बसा. हे घ्या." त्यानं माझ्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि गेला. मी ते खाल्लं.

होळी ५.३८ ला पेटली. मी घड्याळात पाहिलं. डफ वाजायला लागला, लेंगी सुरू झाली. शब्द मला कळत नव्हते. तू गोलात होतीस की नाही ते मी पाहिलं नाही, म्हणजे पाहायचा प्रयत्न केला पण धुरात सगळ्या ओढण्या सारख्याच दिसत होत्या. तू मला पाहिलं नसावंस.

सूर्य ६.३८ ला वर आला. धूर सरळ वर जाऊन तांड्यावर पसरला होता, वारा नव्हता. मी नळी वर रोखली आणि चकती फिरवायला लागलो. तीनदा फिरवून खात्री केली.

त्याचे सत्तेचाळीस आणि तेवीस. माझे सेहेचाळीस आणि चोवीस.

पंधरा वर्षं मी मुलांकडून प्रयोग करून घेतो आहे. दोन वेगळ्या माणसांनी तीन वर्षांच्या अंतरानं घेतलेले आकडे एवढे जवळ आलेले मी पाहिलेले नाहीत. मी यंत्र खाली ठेवलं आणि टाकीच्या कठड्यावर बसलो. तिथे मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी वाटायला हवं होतं, पण आधी त्या दारात चप्पल घालणाऱ्या पोराचं वाटलं. फार वेळ टिकलं नाही. जीपमध्ये बसेपर्यंत पुन्हा गाल बधिर झाला.

आल्याबरोबर पुण्याला लिहिलं. नोंद खरी होती असं लिहिलं. का खोडली ते लिहिलं नाही. अजून नाही.

शिवशंकर

हिंगोली
२९ मार्च २००४

साधना,

पुण्याहून उलट टपाली आलं होतं की एका सकाळच्या आकड्यावरून आठशे नोंदी परत घेता येणार नाहीत. मूळ रजिस्टर दाखवा, आणि ते नाकारण्याचं खरं कारण पर्यवेक्षकानं सहीनिशी द्यावं. बाई हुशार आहेत.

ते पत्र हातात घेऊन मी ओसरीवर बसलो होतो आणि पुनमचंदची जीप दारात थांबली. त्यानं वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा दिला. "ताईनं दिलंय, सर. काय सांगायचं हाय का म्हनलं, तर न्हाई म्हनल्या." हा १५ तारखेचा दिवस. आज चौदा दिवस मी ते रजिस्टर वाचतो आहे, म्हणून पत्राला उशीर.

एप्रिल २००१ पर्यंत सगळं जसं मला माहीत होतं तसंच आहे. म्हशी, काड्या, मिराबाईची चूल. मी यंत्र नेलं त्या दिवशीच्या रकान्यात आकडे नाहीत. शेऱ्यात लिहिलं आहे: 'यंत्र हिंगोलीला गेलं. आता डोळ्यांनी.' आणि पुढच्या सकाळपासून आकड्यांच्या जागी शब्द. 'फरक चांगला.' 'फरक कमी.' 'फरक नाही, आंधी.' पानामागून पान. ती हरवलेली चकती डोळ्यापुढे धरून, वर बघून, फिरवून. त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला पाठवायचंही नव्हतं. प्रेमदास माझ्याशी एकदाच खोटं बोलला, ते यासाठी.

ऑक्टोबर २००२ मध्ये एका दिवशी शेरा आहे, 'टोळी निघाली. मी येईपर्यंत साधना बघेल.' आणि खालच्या ओळीपासून अक्षर तुझं. लांब वेलांटी, मी कितीदा टोकलं तरी तू सुधारली नाहीस ती.

तो गेला त्या संध्याकाळची नोंद आहे. 'फरक चांगला. आकाश स्वच्छ.' बातमी तुझ्यापर्यंत त्यानंतर आली असणार. त्याच्यापुढे तेरा दिवस कोऱ्या ओळी, तारखा घातलेल्या. चौदाव्या दिवशी, 'फरक कमी. वारा पश्चिमेचा.' त्या तेरा ओळींवर मी किती वेळ बोट ठेवून बसलो होतो कोणास ठाऊक. तुझी आई चहा ठेवून गेली, तो निवला, तिनं तो नेला, दुसरा आणला. मी रडत होतो, साधना. दार लोटून घेतलं तिनं.

शेवटचं पान मी शेवटीच वाचलं. ७ मार्च २००४, सकाळ. 'होळी ५.३८ ला पेटली. फरक जवळजवळ नाही.' आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'अण्णा पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. भावसिंगबापूंना धरण खात्यातला माणूस म्हणून सांगितलं. यंत्र आपलंच.'

खोटं लिहायचं नाही, कोरं ठेवायचं नाही. माझ्या नियमात मला तू बरोबर पकडलंस.

रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यात कागदाची पुडी होती. आत चकती. कडेला लहान दातांच्या खुणा आहेत, शितलच्या असाव्यात. कागदावर तुझं वाक्य: 'गहाळ वस्तू परत. पोच द्यावी.' तू माझी मुलगी आहेस यात कोणी शंका घेऊ नये.

१६ तारखेला मी प्रती काढून पुण्याला पाठवल्या. सोबतच्या पत्राची नक्कल तुझ्यासाठी खाली उतरवतो, फार मोठी नाही.

'खेमानाईक तांडा केंद्राची १० मार्च २००१ ची नोंद खरी असल्याचं मला ती नाकारताना माहीत होतं. निरीक्षक प्रेमदास माझ्या मुलीशी लग्न करणार होता आणि तो तांड्यावरचा होता, हे एकच कारण. निरीक्षक जागेवर हजर होता. पर्यवेक्षक हजर नव्हता. माझं नाव तक्त्यातून काढावं.'

आज उत्तर आलं. केंद्राच्या सगळ्या नोंदी तक्त्यात जातील, निरीक्षक म्हणून त्याचं नाव छापतील. माझं नाव काढलं आहे, आणि कॉलेजालाही ते कळवणार आहेत. कळवू देत. होळीचा तो एक आकडा मात्र सरासरीत धरता येणार नाही, कारण तो स्थानिक धूर आहे, असं बाई लिहितात. ते बरोबर आहे. प्रेमदासनंही तेच लिहिलं होतं.

तक्त्यात नाव आल्यानं तुला काय मिळणार हे मला माहीत आहे. काही नाही. ती तेरा दिवसांची जागा कशानं भरत नाही. मी माफी मागितलेली नाही, कारण मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही.

येत्या रविवारी रजिस्टर, यंत्र आणि चकती घेऊन येतो. चकती शितलची आहे. रजिस्टरमध्ये सात तारखेच्या पुढच्या ओळी कोऱ्या आहेत, त्या तुला पुढे चालवायच्या असतील तर यंत्र हाताशी असू दे. मी पाण्याच्या टाकीजवळच उभा राहीन. तू बाहेर आली नाहीस तर सगळं भावसिंगबापूंकडे ठेवून परत जाईन. ते विचारतील, कोन हाय. या वेळी सांगेन, साधनाचा बाप, प्रेमदासचा सासरा.

अण्णा